'टोटल डिझास्टर' लिहिलंत, पण 40 पैकी 6 हा आकडा राहिला

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे हकीकत अशी आहे. तुम्ही बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या कंपनीत आहात आणि परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार तुमच्याकडे आहे. इंग्लंडला जायच्या 40 पंपांपैकी 6 पंपांचं सील टेस्ट बेडवर गळलं. त्याच संध्याकाळी तुम्ही ग्राहकाला मेल केला: 'टोटल डिझास्टर ऑन द टेस्ट बेड, द होल लॉट हॅज गॉन फॉर अ टॉस.' दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढची ऑर्डर थांबवली आणि बाहेरच्या तपासनिसाकडून सगळा माल तपासून घ्या असं कळवलं. साहेबांनी तुम्हाला ग्राहकांना थेट मेल करायला मनाई केली. त्याच आठवड्यात तुमच्या अमेरिकन ग्राहकाने पॅकिंग लिस्टमधल्या एका चुकीच्या आकड्याला 'नाइटमेअर' म्हटलं, तेव्हा मात्र कोणाला काही वाटलं नाही. तुम्ही विचारताय, हे असले शब्द कायमचे सोडायचे का, आणि नसतील सोडायचे तर कोणते चालतात.

शब्दांची यादी मी देऊ शकते, पण तिने तुमचं काम होणार नाही. तुमचा मेल मी त्या इंग्रज खरेदी अधिकाऱ्याच्या जागी बसून वाचून पाहिला. त्यात किती पंप, काय बिघडलं, माल निघाला होता की अजून तुमच्याच शेडमध्ये होता, यातलं काहीच नाही. 'होल लॉट' वाचून त्याने 40 च्या 40 धरले असतील. बिघाड तुमच्याच टेस्टमध्ये सापडला ही तर तुमच्या बाजूची गोष्ट, आणि तीच मेलमधून कळत नाही. 'डिझास्टर' हा शब्द मोठा होता यापेक्षा तो माहितीच्या जागेवर जाऊन बसला, यामुळे तुमचं नुकसान झालं.

मी आधी 11 वर्षं इथल्याच एका इंजिनिअरिंग कंपनीच्या एक्स्पोर्ट खात्यात होते आणि गेली 17 वर्षं दांडिया बाजारात संध्याकाळी कामकाजाचं इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलंमुली तुमच्यासारखीच: घरी मराठी, शॉप फ्लोअरवर गुजराती, मेलमध्ये इंग्रजी. तुमची चूक त्यांच्यातली निम्मी तरी करून आलेली असतात, आणि ती अज्ञानातून होत नाही. उलट ज्यांना चांगलं मराठी येतं त्यांच्याकडून ती जास्त होते.

कारण बिघाड सांगायची मराठीची रीतच भरघोस आहे. भाजी करपली तरी आपण 'सत्यानाश झाला' म्हणतो. बस चुकली की 'वाट लागली', लग्नात जेवण उशिरा वाढलं की 'पार खेळखंडोबा केला'. पेपर अवघड गेला तर 'पानिपत झालं' म्हणतो. 14 जानेवारी 1761 ला एका दिवसात किती माणसं गेली ते ठाऊक असूनही म्हणतो. बडोद्यात तर हा शब्द आणखी जवळचा आहे, कारण खुद्द दमाजीराव गायकवाड त्या रणातून जिवंत परत आले होते. तरी मुलगा घरी येऊन 'गणिताचं पानिपत झालं' म्हणाला की आई शांतपणे विचारते, 'किती सुटतील?' तिला मुलगा माहीत आहे, त्याचा आवाज माहीत आहे, मागच्या वेळचं पानिपत 62 मार्कांचं होतं हेही माहीत आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच मापाने मोजतात, म्हणून शब्द कितीही फुगवला तरी अर्थ बिघडत नाही. शॉप फ्लोअरवर 'लोचो थई गयो', म्हणजे घोळ झाला, असं म्हटलं की फोरमन उठून मशीनपाशी जातो आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तिथेही शब्दाच्या भरवशावर कोणी राहत नाही.

मेलमध्ये ना आवाज असतो, ना मशीन. वाचणारा तुम्हाला कधी भेटलेला नाही, आणि त्याच्याकडे मोजायला फक्त तुमचा शब्द आहे. तुमच्या मनात 'वाट लागली' होतं. त्याला इंग्रजी जोडीदार शोधताना तुम्ही स्वतःच्या जिवाच्या घालमेलीला शोभेल असा शब्द उचललात. घालमेल खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण ग्राहकाला घालमेल मोजायची नव्हती.

मीही हे भोगलं आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी व्हॉल्व्हच्या लाकडी पेट्या बंदरावर पावसात भिजल्या. 30 पेट्यांपैकी 5. त्या 5 मधलेही बरेच व्हॉल्व्ह पुसून, तेल लावून वापरण्याजोगे होते. मी खरेदीदाराला लिहिलं, 'टोटल लॉस.' मला म्हणायचं होतं, आमचं फार नुकसान झालं हो. पण सागरी विम्यात 'टोटल लॉस' ही कायद्याची संज्ञा आहे. आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यात तिची व्याख्या आहे, तिचे 'अॅक्च्युअल' आणि 'कन्स्ट्रक्टिव्ह' असे प्रकार आहेत, आणि याहून कमी असेल ते सगळं 'पार्शल लॉस'. खरेदीदाराने माझा मेल तसाच विमा कंपनीकडे पाठवला. नंतर सर्व्हेअरने 5 पेट्या मोजल्या, आणि आम्ही खोटा दावा करतोय की काय अशी शंका फाइलवर आली. ती पुसून काढायला 4 महिने गेले. आमच्या साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी माझ्यासमोर मेलचा कागद ठेवला, 'टोटल' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, 'बाई, हे मोजून लिहिलंत का?' तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून मी एक गोष्ट बघत आले. इंग्रजीतले हे भडक शब्द बोलण्यात मोकाट फिरत असले तरी बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या धंद्यात पक्कं घर आहे. तुम्ही त्या घराच्या अंगणात उभे राहून तो शब्द वापरलात की ऐकणारा पक्का अर्थच घेणार. 'डिझास्टर'च घ्या. शब्द मुळात इटालियनमधून आला, त्यात 'अॅस्ट्रो' म्हणजे तारा आहे, म्हणजे आपल्या 'ग्रह फिरले'चा सख्खा भाऊ. पण 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 'डिझास्टर' म्हणजे असं संकट, ज्याला तोंड देणं त्या भागातल्या समाजाच्या कुवतीपलीकडे आहे. 6 पंपांच्या सीलला तोंड द्यायला तुमच्याकडे एक फिटर आणि दोन दिवस पुरेसे होते. नंदेसरीकडच्या एखाद्या केमिकल कंपनीतून हाच शब्द बाहेर गेला असता तर वाचणाऱ्याला भोपाळ आठवलं असतं, आणि त्याचं काही चुकलं नसतं.

'मेल्टडाउन'चं पक्कं घर अणुभट्टीच्या गाभ्यात. 1979 चं थ्री माइल आयलंड, 1986 चं चेर्नोबिल. ऑफिसात तो 'माझं डोकं फिरलं' या अर्थाने चालतो, पण वीज क्षेत्रातल्या ग्राहकाला सर्व्हर बंद पडल्याचं कळवताना मी तो वापरणार नाही. औषध कंपन्यांत 'क्रिटिकल', 'मेजर', 'मायनर' या दोषांच्या ठरलेल्या श्रेणी आहेत. तिथे 'क्रिटिकल' लिहिलंत की रुग्णाला अपाय होऊ शकतो असं तुम्ही कबूल केलंत. बडोद्यात औषधाच्या इतक्या कंपन्या आहेत की माझ्या वर्गात दर बॅचला हे सांगावं लागतं. एका मुलीने लेबल वाकडं चिकटल्याला 'क्रिटिकल' लिहिलं होतं, आणि तो शब्द मागे घ्यायला तिला तीन फॉर्म भरावे लागले. 'ब्लास्ट', 'एक्स्प्लोजन', 'बॉम्ब' हे तर माल वाहतुकीच्या कागदात गंमतीतही नकोत.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. तुमचा अमेरिकन ग्राहक 'नाइटमेअर' म्हणतो ते चालतं, कारण तो ग्राहक आहे, आणि त्याच्याकडे चांगल्याला 'ऑसम' आणि वाइटाला 'नाइटमेअर' ही रोजची नाणी आहेत. 'डंपस्टर फायर', म्हणजे पेटलेली कचरापेटी, हा शब्द तिथल्या भाषाभ्यासकांच्या संस्थेने 2016 चा वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता, इतकं हे बोलणं तिथे सर्रास आहे. इंग्रजांचं माप माझ्या अनुभवात उलट्या बाजूला झुकतं. 'नॉट आयडियल' असं त्यांनी लिहिलं की मी फोन उचलते. 'अ बिट ऑफ अ कन्सर्न' आलं तर साहेबांना घेऊन फोन करते. अर्थात माणूस बदलला की हेही बदलतं. मला एक इंग्रज ग्राहक असा होता की चहा गार झाला तरी 'शॅम्बल्स', म्हणजे पार बोजवारा, म्हणायचा. म्हणून देशावरून अंदाज बांधा, पण त्या माणसाचे जुने पाच-सहा मेल वाचून तो पक्का करा.

यावरून कोणी म्हणेल, मग इंग्रजांसारखं सौम्यच लिहावं. तसंही नाही. एप्रिल 1951 मध्ये कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटिश ब्रिगेडला चिनी सैन्याने घेरलं होतं. वरच्या अमेरिकन सेनाधिकाऱ्याने स्थिती विचारली तेव्हा ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी 'अ बिट स्टिकी' एवढंच सांगितलं असं म्हणतात. इंग्रज कानाला त्याचा अर्थ 'प्राणांतिक' असा झाला असता. अमेरिकन कानाला तो 'जरा अवघड आहे, पण चाललंय' असा झाला. मदत वेळेवर पोचली नाही आणि त्या ब्रिगेडमधल्या ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या बटालियनमधले मोजकेच जण निसटून परत आले. तुमच्या 'डिझास्टर'मध्ये आणि त्या 'स्टिकी'मध्ये माझ्या लेखी फरक नाही. एक फुगवलेला, एक दाबलेला, आणि दोन्हींच्या मागे मोजमाप नाही.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवते, कारण मी वर्गात याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवते. 24 जून 1982 च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं 747 विमान इंडोनेशियातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं, 'वुई हॅव अ स्मॉल प्रॉब्लेम.' म्हणजे हा शब्द कमालीचा दाबलेला. पण पुढचंच वाक्य होतं: चारही इंजिनं थांबली आहेत. आणि त्याच्या पुढचं: ती पुन्हा सुरू करण्याची आम्ही पराकाष्ठा करत आहोत. काय झालं, किती झालं, आम्ही काय करतोय. ही तीन वाक्यं हातात असताना 'स्मॉल'ने कोणाची फसगत झाली नाही. इंजिनं पुढे सुरू झाली आणि विमान जाकार्ताला सुखरूप उतरलं. तुमच्या मेलमध्ये पहिल्या वाक्यानंतर अशी दोन वाक्यं असती, तर पहिल्यातला 'डिझास्टर'सुद्धा त्या इंग्रजाने गिळला असता असं मला वाटतं.

अजून एक, थोडक्यात. 25 जानेवारी 1990 ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं आव्हियान्काचं विमान इंधन संपून कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. इंधन संपत आल्याचं वैमानिक सांगत होते, पण 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नाही, आणि कंट्रोलरने त्यांना तातडीने उतरवलं नाही. विमानवाहतुकीत जिवावर बेतलं की 'मेडे' तीनदा, तातडी आहे पण जिवावर नाही तर 'पॅन-पॅन', अशी विभागणी आहे. म्हणून तुमच्या धंद्यात जिथे पक्का शब्द ठरलेला आहे तिथे तो वापरायला कचरू नका. खरंच 'मेजर' असेल तर 'मेजर'च लिहा. ग्राहकाला बरं वाटावं म्हणून 'मायनर' लिहिणं हे 'डिझास्टर' लिहिण्याहून वाईट.

रोज मोठा शब्द खर्चणाऱ्यांना मी 2024 च्या पुराची गोष्ट सांगते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली होती ते तुम्हीही पाहिलं असेल. माझा एक विद्यार्थी पॅकेजिंगच्या कारखान्यात आहे. प्रिंटर अडकला, ट्रक उशिरा आला, की त्याचा मेल जायचा 'डिझास्टर' म्हणून. पुरात त्याच्या शेडमध्ये खरंच पाणी भरलं. त्याने दुबईच्या ग्राहकाला तोच शब्द लिहिला, तर उत्तर आलं, ठीक आहे, पण माल शुक्रवारीच हवा. तो रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं, पाणी ओसरलंय ना, भिंतीवर चिखलाची रेघ असेल, तिला टेप लाव आणि फोटो काढ. रेघ 3 फूट 4 इंचांवर होती. दोन मशिनच्या मोटारी तिच्या खाली. त्याने टेपसकट फोटो पाठवला, खाली लिहिलं: पाणी इतकं, मोटारी दोन, वीज चार दिवस नाही, पहिला माल अमुक तारखेला. अर्ध्या तासात ग्राहकाचा फोन आला, आणि त्याने आधी घरच्यांची चौकशी केली.

तुमच्या मेलमधल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याबद्दलही सांगायला हवं. 'गॉन फॉर अ टॉस', म्हणजे पार बिघडलं, हे आपल्या देशातलं इंग्रजी आहे. इंग्लंड-अमेरिकेत ते बहुतेकांना कळत नाही. 'गॉन केस'चंही तेच. तुम्हाला वाटलं तुम्ही खेळीमेळीने लिहिलंत. त्याला वाटलं असेल माल कुठेतरी फेकून दिला. या दोन प्रयोगांना बाहेरच्या मेलमधून कायमची सुट्टी द्या. ते कमी दर्जाचे आहेत म्हणून नव्हे, समोरच्याला पोचत नाहीत म्हणून. आपसांत खुशाल बोला.

तसंच भडक शब्द सगळेच टाकून द्यायची गरज नाही. सहकाऱ्याशी चॅटवर, जुन्या ग्राहकाशी फोनवर, काम निस्तरल्यानंतर 'काय नाइटमेअर होता हो तो आठवडा' असं म्हणताना त्यांनी जवळीक वाढते. संकट संपल्यावर ते छान वाटतात, चालू असताना ते माणसाला घाबरवतात. आणि ग्राहकच तुम्हाला 'नाइटमेअर' लिहीत असेल तर तोच शब्द त्याच्याकडे परत फिरवू नका, आणि 'स्मॉल इश्यू' म्हणून त्याचा पाणउताराही करू नका. त्याला होणारा त्रास एका वाक्यात मान्य करा आणि लगेच किती आणि केव्हा यावर या.

आता तुमचं पुढे काय. साहेबांकडे जाताना हातात मसुदा घेऊन जा, नुसती क्षमा मागायला जाऊ नका. मसुदा साधारण असा असावा, इंग्रजीत अगदी सरळ वाक्यांत: 12 तारखेच्या आमच्या मेलमध्ये स्थिती चुकीच्या शब्दांत गेली, त्याबद्दल दिलगीर आहोत. पाठवण्यापूर्वीच्या आमच्या टेस्टमध्ये 40 पैकी 6 पंपांचं सील गळलं, उरलेले 34 पास झाले. एकही पंप कारखान्याबाहेर गेलेला नाही. गळतीचं कारण अमुक सापडलं आहे, सहाही सील बदलून पुन्हा टेस्ट अमुक तारखेला आहे, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळेल. तपासनीस पाठवायचा असल्यास आमची हरकत नाही. तारीख मी माझ्या मनाने टाकली आहे, तुमची टाका. कारण अजून सापडलं नसेल तर 'शोधतो आहोत, गुरुवारपर्यंत कळवू' असं लिहा, आणि गुरुवारी कळवाच, काही हाती लागलं नसलं तरी.

मेल साहेबांच्या नावाने जाऊ दे, आत्ता त्याचा मान-अपमान धरू नका. शक्य असेल तर मेल गेल्यावर तासाभराने साहेबांनी फोन करावा आणि तुम्ही शेजारी बसावं. तो इंग्रज फोनवर कुठला शब्द वापरतो तो टिपून ठेवा. 'रादर डिसअपॉइंटिंग' म्हणाला तर तपासणीचा खर्च तुमच्याकडून घ्यायचं त्याच्या मनात आहे असं धरून चाला आणि त्या आकड्याची तयारी आधीच करून ठेवा.